लंबगोल पोळपाट

आमच्या घरी सकाळ व्हायची ती पोळपाटाच्या आवाजानं. आई खालापुरातल्या नऊ जणांना डबे द्यायची. कचेरीत बदलून आलेले दोन कारकून, बँकेतले एक साहेब, टोलनाक्यावर कामाला असलेली मुलं, अशी घरापासून लांब राहणारी माणसं. नऊ डबे म्हणजे छत्तीस पोळ्या, आणि वर आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या, कारण आबा पोळीला जेवण मानत नसत. पोळपाट जुना, सागाचा, आईच्या लग्नातला, आणि मधोमध चिरलेला. चिरेत कणीक भरून आई तो बुजवायची, तरी प्रत्येक पोळीवर एक बारीक रेघ उठायचीच. टोलनाक्यावरच्या एका मुलाला ती रेघ म्हणजे अर्धी पोळी कुठे मोडायची याची खूण वाटायची. आईनं त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

आबा रसायनीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं त्यांना मुदतीच्या चार वर्षं आधी घरी पाठवलं. जाताना शाल दिली, घड्याळ दिलं, आणि एक धडधाकट माणूस दिवसभरासाठी आमच्या घरात सोडून दिला. आबा घरी बसले आणि घरातली प्रत्येक चालू वस्तू धोक्यात आली. त्यांनी मिक्सर खोलला, पंखा खोलला, शिलाई मशीन खोललं. शेजारच्या शकूकाकींचं शिलाई मशीनही त्यांनी मागून आणून खोललं. सगळं परत जोडलं, सगळं चाललंही, पण आईला स्वयंपाकघरात जाताना पान्यांवरून उडी मारावी लागायची. "ह्यांना कायतरी मोठं काम द्या रं कोणीतरी," असं ती भिंतीकडे बघून म्हणायची.

ते मोठं काम मी आणलं. मी तेव्हा कर्जतला मशिनिस्टचा कोर्स करत होते. वर्गात आम्ही दोन मुली. सीएनसी मशीनवर हात ठेवायची आमची पाळी दुसऱ्या वर्षी येणार होती आणि मला थांबायची सवय नव्हती. आजही नाही. सायबर कॅफेत बसून मी परदेशातल्या हौशी लोकांची पानं वाचायचे. ही माणसं घरच्या घरी, गॅरेजमध्ये, टाकाऊ सामानातून लाकूड कोरणारी सीएनसी यंत्रं बनवत होती. संगणकात चित्र काढायचं, यंत्रानं ते फळीवर कोरायचं. मी बारा पानं छापून घरी आणली. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकृत्या येत होत्या. चष्मा लावून त्यांनी बाराही पानं पाहिली आणि म्हणाले, "ह्याच्यात अवघड काय हाय? तीन दिशांना सरकणारी तीन टेबलं हायत ही." आजवर मी सीएनसीची पुष्कळ व्याख्यानं ऐकली. इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेलं आठवत नाही.

यंत्र उभं राहायला पावसाळ्याचे चारही महिने लागले. मोटरी आल्या भंगारात निघालेल्या झेरॉक्स मशीनमधून, संगणक आला बंद पडलेल्या त्याच सायबर कॅफेतून. सरकायला कपाटाच्या ड्रॉवरची चॅनलं, सांगाडा लोखंडी अँगलचा, वर प्लायवूड, आणि कोरायला सुताराचा हातातला छोटा राउटर, पट्ट्यांनी आवळलेला. मोटर फिरली की तिला जोडलेला आट्यांचा लांब रॉड फिरायचा आणि त्याच्यावरचा नट राउटरला घेऊन पुढे सरकायचा. आडवा एक रॉड, उभा एक रॉड. हे रॉड आम्ही वाटून आणले. आबांनी त्यांचा खालापूरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणला, चार सुती. मी माझा कुंभिवलीला, हायवेवर ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणला, बारा मिलिमीटरचा. एका इंचात आठ सुतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी कुठल्याही सुताराला विचारावं. आबांनी कारखान्यात उभा जन्म मिलिमीटर वापरले होते, पण घर ही त्यांची स्वतःची जागा होती आणि तिथे ते सुतातच बोलत. मी मिलिमीटरमध्ये बोलायचे. त्यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी राउटरच्या जागी पेन बांधून मी यंत्राकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं. मोटरींचा आवाज मोठा मजेदार, कोणीतरी चिडून पेटी वाजवावी तसा. शकूकाकी पदराला हात पुसत आल्या. कागदावर 'वैशाली' उमटलं. जरा ऐसपैस उमटलं.

"अक्षर चांगलं हाय गं," शकूकाकी म्हणाल्या. "तुझ्यासारखं नाय."

आबांनी कॉलर ताठ केली. अक्षरं थोडी पसरट का आली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. कौतुक चालू असताना कोण विचारतं?

आता आईची बाजू सांगते. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही. यंत्र पुढच्या खोलीत, आबांच्या कॉटच्या शेजारी होतं, आणि त्या खोलीतून जाता-येता येण्यापुरतीच वाट उरली होती. आईनं पहिले काही दिवस अंग चोरून काढले. मग तिनं यंत्राचा उपयोग शोधून काढला. त्याचं टेबल म्हणजे आमच्या घरातली एकमेव पूर्ण सपाट जागा. ती रॉडच्या टोकाची चक्रं हातानं फिरवून राउटर कोपऱ्यात सरकवायची आणि टेबलावर भिजवलेले वाल सोलायला घ्यायची. मी कर्जतहून यावं तर टेबलावर बिरड्याचा ढीग आणि सांगाड्यावर आबांचा बनियन वाळत घातलेला. हे चालून गेलं. चाललं नाही ते भुशाचं. मी सरावासाठी एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्या, कापायचे आणि त्याचा भुसा मैद्याहून बारीक. तो सुकटीच्या डब्यात गेला, पाण्याच्या कळशीवर साय धरून बसला आणि शेवटी परातीत गेला. कचेरीतले कारकून रिकामा डबा परत देताना म्हणाले, "मावशी, हल्ली पिठात काय घालता? वास छान येतो."

आईनं घरी येऊन डबे मोरीत आपटले. "शनिवारी भंगारवाला येतोय," ती म्हणाली. "मी त्याला सांगून ठेवलंय, पुढल्या खोलीत लोखंड हाय, टेंपो घेऊन ये म्हणून."

"कुठलं लोखंड?" आबांनी विचारलं.

"तुमी दोघं ज्याची पूजा करताय ते."

मी म्हटलं, "आई, अगं चार महिने खपलोय आम्ही त्याच्यावर."

"मी नाय खपले? चार महिने झाडू मारतेय. काय दिलं त्यानं? तुझं नाव. ते आमी तुला बारशालाच दिलंय." ती आत गेली, आणि परत बाहेर आली. आई अन्याय करणारी बाई नव्हती, फक्त घाईत असायची. "असं कर. शनिवारच्या आत मला ह्याच्यावर एक पोळपाट करून दे. चांगला, गोल. झाला तर राहू दे तुझं मशीन. नाय झाला तर भंगारवाला हायच."

"पोळपाट?" आबा हसले. "त्यात काय एवढं?"

तो सोमवार होता. मला दुसऱ्या वर्षाची वाट बघायची नव्हती, आबांना परत शकूकाकींचं शिलाई मशीन खोलायचं नव्हतं. आमच्या दोघांचंही सगळं आता एका गोल लाकडावर येऊन ठेपलं होतं.

मंगळवारी आबांनी आंब्याची रुंद फळी आणली. मी संगणकात दहा इंचांचं वर्तुळ काढलं, मिलिमीटरमध्ये. यंत्र पाऊण तास कोकललं. फळीतून पोळपाट सुटा झाला, आबांनी तो उचलला, दिव्याकडे धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"वैशे, हे गोल काढलंस तू?"

पोळपाट लांबट होता. थोडाथोडका नाही, चांगला बदकाच्या अंड्यासारखा. एकीकडून बरोबर दहा इंच, दुसरीकडून बारा इंच आणि वर पाऊण सूत. शकूकाकी दारातूनच ओरडल्या, "अगं बया! मशीननं आंडं घातलं की!" आणि गल्लीत सांगायला गेल्या.

आबांनी बिघाड शोधायला घेतला. कारखान्यात शोधायचे तसा, एकेक संशयित बाजूला काढत. आधी त्यांना वाटलं, सांगाडा काटकोनात नाही. पायाची आखणी करताना गवंडी करतात तसं त्यांनी दोरीनं कोपरा ते कोपरा मापलं. दोन्ही कर्ण सारखे. सांगाडा सुटला. मग त्यांना वाटलं, लाकडाचा दोष आहे, रेषांच्या दिशेनं राउटर घसरतो. बुधवारी फळी आडवी फिरवून दुसरा पोळपाट कापला. तोही अंडं, आणि तेही त्याच दिशेला लांब. लाकूड सुटलं. मग त्यांचा संशय मोटरीवर. दोहोंतली एक मोटर जास्त जोरकस आहे, ती ओढून नेते, असं ते म्हणाले. ही मोटर संगणक सांगेल तितकीच बारीक पावलं टाकत फिरते, जोरात ओढते म्हणून जास्त टाकत नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोटरींची अदलाबदल केली. गुरुवारी तिसरा पोळपाट. तिसरं अंडं, पुन्हा उगवती-मावळतीलाच लांब.

"ह्या घराचाच दोष असंल," शकूकाकी गंभीरपणे म्हणाल्या. "तिकडनं हायवे जातो ना. दिवसभर गाड्या एकाच बाजूला वडतात."

मी हसले नाही. गुरुवारी संध्याकाळी मला ते अगदीच अशक्य वाटत नव्हतं. मी संगणकातले आकडे पुन्हा तपासले. एक मिलिमीटर सरकायला मोटरनं किती पावलं टाकायची, हे यंत्राला एका आकड्यानं सांगावं लागतं. दोन्ही रॉडना तोच आकडा दिला होता, आणि तो बरोबर होता. मी माझा रॉड मोजून, गणित मांडून काढला होता. मला माझ्या गणिताचा अभिमान होता. आता मी मुलांना शिकवते तेव्हा अशा चेहऱ्याची मुलं लगेच ओळखू येतात, आणि मी त्यांना गणित सोडून आधी खाली वाकून बघायला लावते. पण मला वाकायला लावणारं तेव्हा कोणी नव्हतं. आबांना मी म्हटलं, "तुम्ही चॅनल वाकडं बसवलंय." ते म्हणाले, "तुझं ते सॉफ्टवेअर वाकडं हाय." मग आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं. रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, "तिला सांग, आमटी सरकव."

शुक्रवारी मी कर्जतला गेलेच नाही. सकाळचे डबे पोचवून आई आली, पदर खोचला, एक बादली पाणी, फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन यंत्रापाशी बसली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पुसतेय."

"उद्या भंगारात द्यायचंय ना?"

"म्हणून काय घाणेरडं द्यायचं? तो काय म्हणंल, कसल्या घरातलं हाय?"

हे तिचं खरंच म्हणणं होतं. आमच्याकडे रद्दीसुद्धा घडी घालून जायची. आबा दारात बसून बाहेर बघत होते, त्यांना ते बघवत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले होते. आई ब्रशानं रॉडच्या आट्यांतला भुसा काढत होती. एक रॉड झाला, ती सरकून दुसऱ्याकडे गेली. थोडं घासलं, थांबली. परत पहिल्याकडे आली. परत दुसऱ्याकडे.

"हे दोन येगळे हायत काय गं?"

"नाही. सारखेच."

"सारखे कसे? ह्याच्यात ब्रश जातो सगळा आत. त्याच्यात जात नाय. त्याचे आटे दाट हायत, ह्याचे इरळ हायत. रोज चक्र फिरवते ना मी, इकडचं पटकन पळतं, तिकडचं रडत जातं. मला वाटलं, मुद्दाम केलंय तुमी."

मी उठले. आबाही उठले. आम्ही दोघं एकदमच टेबलापाशी वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. बाहेरच्या खिळ्याला आबांचं आट्यांचं गेज टांगलेलं होतं, दातेरी पात्यांचा झुबका असतो तो. कारखान्यातून आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता, कारण आबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना आटे डोळ्यांनी कळत. त्यांनी ते काढलं. आपल्या रॉडवर पाती लावत गेले. इंचाला बारा आटे. मग माझ्या रॉडवर. इंचाला साडेचौदा. चार सुती म्हणजे अर्धा इंच, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा मिलिमीटर. माझा बारा. जाडीतला फरक नखाएवढा, नट आपापल्याच रॉडचे, म्हणून काही अडलंही नाही. पण मोटर एक फेरा फिरली की माझ्या रॉडवरचा नट पावणेदोन मिलिमीटर सरकायचा आणि आबांच्या रॉडवरचा दोनाच्याही पुढे जायचा. मी दोघांना एकच आकडा दिला होता. यंत्र बिचारं सांगितलेलं इमानानं करत होतं.

आबांनी गेजची पाती एकेक करून मिटली. मग म्हणाले, "माझा रॉड बरोबर हाय."

"माझाही बरोबर आहे."

"तू सगळ्यांना सांगशील का, आबांनी चुकीचा रॉड आणला म्हणून?"

"तुम्ही सांगाल का, मी फक्त माझाच मोजला म्हणून?"

"चुकलंय कोण मग?" आईनं विचारलं. "दोघांची तोंडं बघा. नऊ माणसांना डबे देते मी, एकाला तिखट चालतं, एकाला चालत नाय. मी सगळ्यांना एकच भाजी पाठवली तर?" आणि तिनं राहिलेला रॉड घासायला घेतला, कारण तिच्या मते शनिवार अजून रद्द झाला नव्हता.

दुरुस्ती म्हणून मला काय करावं लागलं? एक आकडा बदलला. आबांच्या रॉडला मिलिमीटरमागे दोनशे अठ्ठावीस पावलांच्या जागी एकशे एकोणनव्वद. पाना नाही, हातोडा नाही, तीन दिवस आणि एक आख्खी फळी वाया घालवून एक आकडा. आबांना हे फार लागलं. फिटर माणसाला दुरुस्तीत निदान घाम तरी यायला हवा.

पण फळी संपली होती. नवी फळी मिळायला शनिवारचे दहा वाजले, आणि आम्ही राउटर सुरू केला तेव्हा दारात टेंपो येऊन उभा होता. भंगारवाला आत आला. काटा खांद्यावर, दोऱ्या हातात. "भाभी, माल कुठाय?"

आईनं यंत्राकडे बोट दाखवलं. यंत्र कोकलत होतं, भुसा उडत होता.

"ये तो चालू है."

"बंद पडंल पाऊण तासात. बसा. चहा घ्या."

तो बसला. चहा प्यायला. मग स्टूल पुढे ओढून बघू लागला. आबा यंत्राच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. शकूकाकी खिडकीत होत्या. राउटरनं वर्तुळ अर्ध्यावर आणलं तेव्हा भंगारवाला हळूच म्हणाला, "ताई, गोल होतंय की." त्या क्षणी मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला.

पोळपाट निघाला. मी पट्टी घ्यायला गेले तर आईनं मला हातानं मागे सारलं. तिची स्वतःची पद्धत होती. मांडणीवरून तिनं जेवायचं ताट काढलं, पोळपाटावर मधोमध पालथं घातलं, आणि बाहेर राहिलेल्या लाकडाच्या काठावरून अंगठा फिरवत सगळा फेरा घेतला. सावकाश. मग अर्धा फिरवून पुन्हा एकदा. तिनं ताट उचललं, पोळपाट ओल्या फडक्यानं पुसला, आत नेला, आणि आतून लाटण्याचा आवाज आला. बाहेर आली ती हातावर पोळी घेऊन. रेघ नव्हती. पोळी तिनं भंगारवाल्याला दिली, वर गूळ ठेवून.

"राहू दे मशीन," ती म्हणाली. "पण भुसा खोलीतच राहायला पायजे. पडदा लावा नायतर काय करायचं ते करा."

आबांनी माझ्या पाठीत थाप मारली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागल्याचं लक्षात आलं.

भंगारवाल्यानं पोळी संपवली, हात झटकले. "चांगलं झालं भाभी. पण मी टेंपो घेऊन आलोय खास. खोपोलीहून. रिकामा जाऊ का आता?"

आईचा चेहरा बदलला. तिनं त्याला शब्द दिला होता: पुढल्या खोलीतलं लोखंड. माणसाला एवढ्या लांबून बोलवायचं आणि हात हलवत पाठवायचं हे तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिनं खोलीभर नजर फिरवली. खोलीत लोखंडाच्या दोनच वस्तू होत्या. एक यंत्र. दुसरी, आबा आत्ता ज्याच्यावर विजयी चेहऱ्यानं टेकले होते ती त्यांची कॉट.

"ही न्या," आई म्हणाली.

"अगं!" आबा ताडकन उठले. "मी झोपू कुठं?"

"मशीनखाली पुष्कळ जागा हाय. आणि मधनं चालायला पण वाट होईल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पोळपाटाकडे बघितलं. त्यांना यंत्र आणि कॉट यांतलं एकच मिळणार होतं, आणि त्यांचं काय ठरलं हे त्यांनी गादी गुंडाळायला घेतली तेव्हाच कळलं. भंगारवाल्यानं सवयीप्रमाणे हातोडा काढला आणि कॉटच्या पायावर पहिला घाव घातला.

"थांब, थांब! असं नाय खोलायचं," आबा ओरडले. त्यांनी तेलाची बाटली आणली, पाने मांडले, मांडी घातली, आणि आपली कॉट एकेक नट सोडवून, आट्यांना धक्का न लावता, नीट खोलून त्याच्या टेंपोत चढवून दिली.